एकाच बियाण्याचं सूर्यफूल, तरी एका रानात मधमाश्या आणि दुसऱ्यात नाहीत. दोष जमिनीचा असेल का?

तुम्ही लिहिलंय की पाकीट एकच, पेरणीही एकाच आठवड्यातली. तरी माळाकडच्या मध्यम जमिनीतल्या सूर्यफुलावर माश्या तुटून पडतात आणि ओढ्याकाठच्या काळ्या रानात, जिथं पीक डोक्याच्या वर गेलंय, तिथं फिरकतही नाहीत. हो, जमिनीमुळं असं होतं. मी सातारा जिल्ह्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो आणि हा धडा पैसे घालवून शिकलोय. पहिल्या की दुसऱ्याच वर्षी असंच एक हिरवंगार, ताटाएवढ्या फुलांचं रान बघून वीस पेट्या तिथं नेऊन ठेवल्या. महिन्यानं सुपरच्या, म्हणजे पेटीतल्या मधाच्या वरच्या कप्प्याच्या, चौकटी उचलल्या तर नेल्या तशाच हलक्या. मालक अभिमानानं सांगत होता, युरियाचे तीन हप्ते दिलेत!

मकरंद म्हणजे पानांनी उन्हात केलेली साखर, मुळांनी ओढलेल्या पाण्यात विरघळून फुलाच्या बुडातल्या ग्रंथींतून पाझरलेली. साखर फुलापर्यंत कधी येते, तर झाडाकडं ती शिल्लक असेल तेव्हा. युरियातलं नत्र जास्त झालं की झाड नवी पानं, नवे शेंडे काढत सुटतं आणि साखर तिकडंच खर्ची पडते. भारी काळ्या जमिनीत आणखी एक अडचण असते. ती पाणी धरून फुगते, हवेला जागा उरत नाही, मुळं गुदमरतात. वर बघावं तर पीक हिरवं, पण त्याचं काम मंदावलेलं. म्हणून मी शेतकऱ्याला खतापेक्षा आधी विचारतो, फुलोऱ्यात वाफसा होता का? ओल आणि हवा दोन्ही मुळांना मिळत असतील तर साधी मध्यम जमीनसुद्धा मकरंदाच्या बाबतीत भारी जमिनीला मागं टाकते.

आता गंमत बघा. फूल यायला एक गोष्ट लागते आणि त्यात मकरंद भरायला नेमकी उलटी. डाळिंब-संत्र्याचे बागायतदार बहार धरायचा तर पाणी तोडून ताण देतात. मुरमाड जमिनीत तो महिनाभरात बसतो, खोल काळ्या जमिनीत दोन महिने थांबलं तरी झाड पाणी शोधून काढतं आणि बहार विस्कळीत येतो. पण एकदा कळी फुटली की तोच ताण माशीच्या मुळावर येतो. कारळ्याचं बघा. घाटाकडं तो वरकस जमिनीवर, डोंगरउतारावर घेतात, आणि भाद्रपद-आश्विनात सगळा उतार पिवळा होतो. परतीचा पाऊस बरा पडला तर पेट्या भरतात. पाऊस आधीच उघडला तर त्या पातळ मातीतली ओल आठ-दहा दिवसांत उडते. फुलं तशीच पिवळीधमक, फोटोला झकास, पण माश्या पराग तेवढा गोळा करून परत येतात. करडईचं याच्या उलट. ती रब्बीत काळ्या जमिनीच्या साठवलेल्या ओलीवर खोल मूळ सोडून उभी राहते, तिला तीच जमीन मानवते. म्हणजे ‘मधाला चांगली जमीन’ अशी सरसकट काही नसते, पीक कोणतं ते आधी सांगावं लागतं.

(कारवी, ते डोंगरातलं झुडूप, मात्र या सगळ्याच्या बाहेरची. मुंबईकडच्या डोंगरांत ती 2008, 2016, 2024 असं स्वतःच्याच पंचांगानं फुलते, माती काही म्हणो.)

तुमच्या माळाकडच्या तुकड्यात चुनखडी असेल तर एक सांगतो. अशा जमिनीत बोरॉन असूनही पिकाला मिळत नाही, आणि सूर्यफुलात त्यानं परागाचं काम बिघडून दाणे पोचट राहतात. फूल उमलायला लागताना 0.2 टक्के बोरॅक्सची, म्हणजे लिटरला दोन ग्रॅमची, फवारणी त्यासाठीच सांगतात. ती सायंकाळी करा, माश्या घरी गेल्यावर. माती परीक्षणाचा कागद आला की नुसतं नत्र-स्फुरद-पालाश बघून ठेवून देऊ नका. सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे आकडे आधी वाचा. ओढ्याकाठची जमीन चोपण, म्हणजे खारवटून घट्ट, व्हायला लागली असेल तर तिथंच कळेल.

त्याआधी घरच्या घरी एक परीक्षा करा. दोन्ही रानांतली चार-चार फुलं संध्याकाळी मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बांधा. सकाळी साडेनऊ-दहाला पिशवी काढून चकतीतली नुकती उमललेली बारीक फुलं चिमटीनं उपटा आणि नळी बुडाकडून हलकेच दाबा. वर थेंब आला तर मकरंद आहे. जिभेवर ठेवून बघा, ओल्या रानातला बहुतेक पांचट लागेल. माशीला असा पातळ रस परवडत नाही, पोळ्यात नेऊन त्यातलं पाणी तिलाच आटवावं लागतं. जवळच गोड रस मिळत असताना ती तिकडं कशाला जाईल? तुमच्याकडं तर तो शेजारच्याच तुकड्यात आहे.

थेंब दोन्हीकडं सारखाच निघाला तर मात्र मातीला दोष देऊ नका. ओढ्याकाठच्या रानात किंवा बांधापलीकडं गेल्या आठवड्यात कोणी कीटकनाशक मारलंय का, ते विचारून या.