पंपामुळे तोंड आलं, मग पंप बंद करू का?

दम्याचा पंप नेमाने घेणाऱ्यांकडून मला सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. "जिभेवर पांढरा थर आलाय, चव गेलीय, जरा तिखट लागलं की आग होते. पंपामुळेच होतंय ना हे? मग बंद करू का?" काही जण विचारायच्या आधीच बंद करून मोकळे झालेले असतात. उत्तर सुरुवातीलाच देते. नियमाचा पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही. तोंडातली बुरशी बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांच्या औषधाने जाते. पंप सोडल्यावर उसळलेला दमा मात्र जिवावर बेतू शकतो.

पण एवढ्याने माणसाचं समाधान होत नाही. ते का होत नाही, हे मला वाई तालुक्यातल्या एका काकूंमुळे कळलं. त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी साताऱ्यात छातीच्या आजारांच्या ओपीडीत समुपदेशक आहे. त्याआधी काही वर्षं एचआयव्ही तपासणी केंद्रात होते. काकू आल्या तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. त्यांच्या भागात तेव्हा हळद शिजवण्याची, वाळवण्याची धांदल असते आणि पॉलिशचे ड्रम फिरायला लागले की पिवळी धूळ घराघरांत शिरते. काकूंचं वय 62. जन्म चुलीपुढे आणि हळदीत गेलेला. तीन वर्षांपूर्वी दम्याचं निदान झालं, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे. पंपात बुडेसोनाइड हे स्टिरॉइड आणि श्वासनलिका मोकळी ठेवणारं फॉर्मोटेरॉल.

त्या सुनेबरोबर आल्या. पदर तोंडावर धरलेला. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून, पुढे वाकून बसल्या. तीन शब्द बोलायचे की थांबायचं. डॉक्टरांनी आधी वाफेच्या मशीनवर औषध दिलं, ऑक्सिजन तपासला. अर्ध्या तासाने जरा उतार पडल्यावर मी त्यांच्याजवळ बसले.

"काकू, पंप शेवटचा कधी घेतला?"

"निळा सकाळीच घेतला की. रात्री बी दोनदा."

"आणि नियमाचा?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग खाली. "त्यो सोडलाय. बारा दिस झालं."

इथे एक गोष्ट सगळ्यांनीच समजून घ्यायला हवी. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेली श्वासनलिका काही तासांपुरती सैल करतं. नळीच्या आतली सूज त्याने उतरत नाही. सूज उतरवतं ते नियमाच्या पंपातलं स्टिरॉइड, आणि ते एका दिवसात फरक दाखवत नाही, तसं सोडल्यावर एका दिवसात त्रासही देत नाही. म्हणून सोडणाऱ्याला वाटतं, काही बिघडलं नाही. मग निळा पंप दिवसातून दोनदाचा चारदा, चारदाचा सातदा होतो. काकूंचा सातदा झाला होता.

पंप का सोडला, हे त्यांनी सांगितलं नाही. पदर खाली घेतला आणि तोंड उघडून दाखवलं.

जीभ, गालांची आतली बाजू, पडजिभेपर्यंतचा भाग, सगळीकडे पांढरे ठिपके. काही सुटे, काही एकमेकांत मिसळलेले, विरजण नीट न लागलेल्या दह्यासारखे. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा. डॉक्टरांनी चपट्या काडीला गॉज गुंडाळून एक ठिपका हलकेच पुसला. पांढरं निघून आलं आणि खाली लालबुंद, ओली जागा दिसली. रक्ताचा बारीक ठिपका उमटला. डॉक्टर म्हणाले, "वरची कवळी काढा." काकूंनी नको-नको करत काढली. टाळूवर कवळी जेवढी, बरोबर तेवढाच लाल ठसा होता. कडा सुद्धा कवळीच्याच. मी हे आधी पाहिलेलं होतं, तरी त्या दिवशी पोटात कालवलं, कारण ही बाई तीन वर्षं माझ्यासमोर बसून गेली होती आणि कवळी रात्री काढता का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

निदान सोपं होतं. कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग. पुसल्यावर निघणारा थर, खाली लाल जागा, स्टिरॉइडचा पंप, कवळी. शंका असेल तर खरवडलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, 286. मधुमेह आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यात तीन आठवड्यांपूर्वी खोकल्यासाठी गावात अँटिबायोटिक घेतलेलं. म्हणजे एका बुरशीला चार वाटा मिळाल्या होत्या आणि काकूंनी दोष एकट्या पंपाला दिला होता.

त्यांना समजावताना मी हरळीचं उदाहरण दिलं. ही बुरशी बाहेरून आलेली नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात ती थोडीफार असतेच, बांधावर हरळी असते तशी. लाळ, तोंडातले इतर जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला बांधावरच ठेवतात. स्टिरॉइडचा फवारा सगळाच्या सगळा फुप्फुसात जात नाही, बराचसा जिभेवर आणि घशात बसतो आणि तिथली राखण ढिली पडते. अँटिबायोटिकने तिला अडवणारे जंतू मरतात. वाढलेली साखर तिला खत घालते. कवळीखाली तिला आडोसा मिळतो. खुरपणी चुकली की हरळी वाफ्यात येते.

काकू लगेच म्हणाल्या, "मग हरळी आली म्हणून हळद लावायची सोडत न्हाय कुणी."

नेमकं हेच मला सांगायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून आलं. समुपदेशनात असा क्षण आला की मी गप्प बसते.

मग मी कागद काढला. तीन वर्षांपूर्वीच्या त्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "पंप घेतल्यावर तोंड धुणे." मी विचारलं, "काकू, पंप घेतल्यावर तोंड धुता ना?"

"धुते की. एक दिस चुकवला न्हाय."

"कसं धुता, करून दाखवता?"

त्यांनी ओंजळ केली, डोळे मिटले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यावरून हात फिरवला. मग पदराने टिपल्यासारखं केलं.

मराठीत तोंड धुणं म्हणजे चेहरा धुणं. सकाळी उठून आपण तोंड धुतो ते हेच. तीन वर्षं ती बाई फवारा मारून इमानाने चेहरा धूत होती. रात्री तेवढंही जमत नसे. मोरी अंगणात, गुडघे दुखणारे, बाहेर अंधार. म्हणून रात्रीचा पंप खाटेवर बसून घ्यायच्या आणि पदराचं टोक ओलं करून चेहरा पुसायच्या. औषध रात्रभर जिभेवर आणि कवळीखाली. चूक त्यांची अजिबात नव्हती. शब्द माझा होता.

तेव्हापासून मी तो शब्द वापरत नाही. मी म्हणते, फवारा झाला की लगेच पाण्याचा घोट घ्या, तोंडात खळखळवा, मान मागे करून घशाशी गुळण्या करा आणि थुंकून टाका. गिळायचं नाही. असं निदान दोनदा. आणि मग माझ्यासमोर करून दाखवायला सांगते. ज्यांना जमतं त्यांनी दात घासायच्या आधी पंप घ्यावा, म्हणजे चुळा आपोआप होतात. काकूंसाठी आम्ही खाटेखाली तांब्या आणि तस्त ठेवायचं ठरवलं. सासऱ्यांच्या आजारपणातली पितळी तस्त माळ्यावर पडून होती, सुनेला आठवली. त्याच माळ्यावर स्पेसरही होता, आम्ही दिलेला, पिशवीतून न काढलेला. पंपाला जोडायची ती प्लास्टिकची नळी घेऊन बसायची लाज वाटते, असं पुष्कळ जण सांगतात. पण स्पेसर लावला की तोंडात बसणारं औषध कितीतरी कमी होतं आणि छातीत जास्त पोचतं. कॅप्सूल घालून ओढायच्या कोरड्या पावडरीच्या पंपाला स्पेसर चालत नाही, तिथे चुळांवरच भर द्यायचा.

इतकं झाल्यावरही काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला नव्हता. मी सुनेला औषधं आणायला पाठवलं. ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "माझ्या दिराला असंच पांढरं झालं हुतं. गालात. कॅन्सर निघाला." दीर तंबाखू खायचे. काकू स्वतः मिश्री लावतात. पांढरं दिसल्यापासून महिनाभर त्या हे एकट्या वागवत होत्या. पंप सोडला, गुलकंद खाल्ला, टाकणखाराची लाही मधातून लावली, जीभ घासायच्या पट्टीने रक्त येईपर्यंत खरवडलं, पण घरात बोलल्या नाहीत. (टाकणखार पोटात जायला नको आणि बुरशी असताना तोंडात मध धरणं म्हणजे तिला खाऊ घालणं. खरवडल्याने नुसती जखम होते.)

औषधं घेऊन आलेली सून मला दाराबाहेर थांबवून वेगळंच विचारत होती. तिने मोबाइलवर वाचलं होतं की तोंडात असा पांढरा थर एचआयव्हीत येतो. तिने सासूचं ताट-वाटी वेगळं केलं होतं आणि चार वर्षांच्या मुलाला आजीच्या ताटात जेवू देत नव्हती. नवऱ्यालाही कारण सांगितलं नव्हतं. एकाच घरात दोघी, दोन वेगवेगळ्या भीती, आणि मध्ये ते वेगळं ताट.

मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते. एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, कधीच नाही. आजीबरोबर जेवल्याने धडधाकट नातवाला तोंडात बुरशी होईल असंही नाही. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती घटल्यावर अशी बुरशी होते, हे खरं. कारण सापडत नसेल, किंवा बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टर ती तपासणी सुचवतात. ती माणसाला समजावून, त्याच्या संमतीनेच करायची असते. 2017च्या एचआयव्ही कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. काकूंना विचारलं, त्यांनी "करा" म्हटलं. निकाल मी लिहिणार नाही. तो त्यांचा आहे, आणि तो काहीही असता तरी ताट वेगळं करायचं कारण नव्हतं.

उपचार असे झाले. क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध, दिवसातून चार वेळा, 14 दिवस. कवळी काढून लावायचं, जिभेवर थेंब सोडून तोंडभर फिरवायचं, जमेल तेवढा वेळ धरायचं, नंतर अर्धा तास खाणं-पिणं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरं गेलं की लोक औषध थांबवतात आणि महिन्याभरात परत येतात. सांगितलेले दिवस पुरे करायचे. कवळी रोज घासायची आणि रात्री काढून पाण्यात ठेवायची. नाहीतर तोंड बरं होतं आणि कवळीवरची बुरशी पुन्हा टाळूवर चढते. साखरेची गोळी सुरू झाली. नियमाचा पंप त्याच दिवशी पुन्हा सुरू, स्पेसर लावून.

फ्लुकोनाझोलची गोळी काकूंना लागली नाही. बुरशी जास्त असेल, घास गिळताना दुखत असेल किंवा छातीच्या हाडामागे अडकल्यासारखं वाटत असेल, म्हणजे ती अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असेल, तर डॉक्टर ती देतात. अशा वेळी वाट पाहत बसू नये. ही गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये, असं मी कळकळीने सांगते. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनबरोबर तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळीबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते. तोंडात लावायची मायकोनाझोलची जेलसुद्धा वॉर्फरिनवाल्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

पंपाखेरीज दुसऱ्या औषधांनीही हे होतं. मूत्रपिंडाच्या किंवा सांध्यांच्या आजारासाठी महिनोन् महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, केमोथेरपीवरचे, अवयव प्रत्यारोपण झालेले, आणि तोंड कोरडं पाडणारी औषधं घेणारे. नियम सगळ्यांना एकच: औषध आपण होऊन थांबवायचं नाही. स्टिरॉइडची गोळी तर अचानक बंद करणं फारच धोक्याचं.

पंधराव्या दिवशी काकू आल्या त्या स्वतः चालत, पदर खांद्यावर. पांढरं गेलं होतं, टाळूवरचा ठसा फिकट झाला होता. निळा पंप आठवड्यात एकदाच लागला होता. आमटीची चव कळायला लागली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नातू रात्री तांब्या भरून ठेवतो आणि चुळा मोजतो.

उजव्या गालात मात्र मसुराएवढा एक पांढरा चट्टा राहिला होता. गॉजने पुसून निघेना. बुरशी निघते, हा निघाला नाही, म्हणून त्यांना त्याच दिवशी दातांच्या विभागात पाठवलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण मिश्रीमुळे आलेला, पुढे बिघडू शकेल असा चट्टा होता. मिश्री सोडावीच लागेल आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. अहवाल हातात घेऊन त्या माझ्याकडे आल्या, या खेपेला सुनेला बाहेर न पाठवता बसल्या आणि दिराचं सगळं तिच्यासमोर बोलल्या.

सकाळची मिश्री आता बंद आहे. दुपारची अजून सुटलेली नाही. त्यावर आमचं दर महिन्याला बोलणं चालू आहे.