१० लाख रुपये सगळे लाभांशाच्या शेअरमध्ये घालू का?

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी आहे, १० लाख साठलेत, ते सगळे जास्त लाभांश देणाऱ्या शेअरमध्ये घालू का, असं तुम्ही विचारलंय. सगळे नका घालू.

लाभांश म्हणजे वरकमाई नव्हे. एक्स-डेटला (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) शेअरचा भाव साधारण तेवढाच खाली येतो. कंपनीच्या गल्ल्यातले पैसे तुमच्या खात्यात आले, इतकंच. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. १०० रुपयांच्या शेअरवर ८ रुपये लाभांश दिसला की आधी बघा, धंदा बिघडून भाव २०० वरून तर पडलेला नाही ना? तसं असेल तर पुढच्या वर्षी ते ८ रुपये मिळतीलच असं धरू नका.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. तुमच्या फाउंड्रीचं कास्टिंग गाड्यांसाठी जात असेल, तर मागणी घटली की आधी तुमचा ओव्हरटाइम बंद होणार आणि त्याच वेळी ऑटो पार्ट्सचे शेअरही आपटणार. ओळखीचं क्षेत्र म्हणून तेच शेअर घेऊ नका. (ऊस लावणाऱ्या घरानं साखर कारखान्यांचे शेअर घेणंही तसंच.)

मी सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत ठेवीन. पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये अजिबात नाही. उरलेल्यातला बराचसा निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (त्या यादीतल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड), दर महिन्याला थोडा थोडा. स्वतः निवडलेल्या शेअरना फार तर १ लाख.