पोरांच्या हातात गरम मेण द्यायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही दीड वर्ष जकार्तात आहोत. 2 ऑक्टोबरला इथे बाटिक (मेणाने नक्षी झाकून कापड रंगवायची कला) दिवस असतो, तेव्हा लेकीच्या (वय 9) वर्गात एका आजींनी मेणाने नक्षी काढून दाखवली, तेव्हापासून हिचं एकच, मला घरी करायचंय. मी चांतिंग (मेणाने रेघा मारायचं हत्यार) आणलं, मेण आणलं आणि सगळं कपाटावर ठेवून दिलं, कारण गरम मेण आणि आमची ही धांदरट! कितव्या वर्षी शिकवावं? – एक आई, जकार्ता

उत्तर : अहो काढा ते कपाटावरून! 9 वर्षं म्हणजे अगदी योग्य वय, फक्त पहिल्याच दिवशी गॅस पेटवू नका. आधी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने तिला काहीतरी काढू द्या, दिसणार काहीच नाही, मग वरून वॉटरकलर फिरवायला सांगा, जिथे मेण तिथे रंग बसत नाही हे बघून पोरं जाम खूश होतात. बाटिकची सगळी गंमत या उलट्या विचारात आहे, जे पांढरं ठेवायचं ते आधी झाकायचं, मग पिवळ्यात बुडवायचं, मग जे पिवळं हवं ते झाकायचं. हे डोक्यात बसलं की हात आपोआप वळतो, आणि आपल्याकडच्या क्लासेसमध्ये नेमकं हेच गाळून थेट मेण ओतायला लावतात.

मग चांतिंग. (इंग्रजी स्पेलिंग बघून लोक कँटिंग म्हणतात, तिथे सी चा उच्चार च.) दांडी बहुतेक बांबूची, पुढे तांब्याची छोटी वाटी आणि तिला बारीक चोच. दोन दिवस नुसत्या पाण्याने जुन्या सुती कापडावर रेघा मारू द्या, थेंब कुठे गळतो, वाटी किती कलवायची ते कळेल. मग खरं मेण, ज्याला तिथे मालाम म्हणतात, आपल्या मलमाशी काही संबंध नाही हं! मेणाचं भांडं थेट आचेवर नको, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, आणि शेगडीपाशी तुम्हीच थांबा. रेघ कापडाच्या मागे उतरून कापड पारदर्शक दिसलं तर मेण बरोबर तापलंय, वरच्यावर गोठून राहिलं तर गार, पसरलं तर जास्त गरम. धूर दिसला की लगेच बंद. पेटलंच तर झाकण टाका, पाणी कधीच नाही. हातावर थेंब पडला तर नळाखाली गार पाण्यात बराच वेळ धरा, मेण खरवडून काढायला जाऊ नका.

रंग गार पाण्यात चढणारेच घ्या, गरम रंगात मेणच वितळेल. नॅप्थॉलचे रंग मुलांसाठी नकोतच, त्यात कॉस्टिक सोडा लागतो. शेवटी कापड उकळून मेण काढायचं, ते तुमचं काम, आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतलंत तर प्लंबर बोलवावा लागेल (माझा अनुभव!), गार होऊ द्या, मेण वर तरंगतं, काढून परत वापरा.

अजून एक, रेघ फाटली, डाग पडला तर लगेच तिच्या हातातून घेऊ नका. आणि सुट्टीत जावामधल्या पेकालोंगान शहरात नक्की जा. तिथल्या बाटिक म्युझियमने शाळांना हाताशी धरून मुलांना बाटिक शिकवण्याचा जो उपक्रम केला तो युनेस्कोने 2009 साली उत्तम उदाहरण म्हणून नोंदवून घेतला, त्याच वर्षी इंडोनेशियाच्या बाटिकलाही मान मिळाला.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला कला शिक्षक. सातवीचा वर्ग, 45 मुलं, शाळेत शेगडीला परवानगी नाही. शिवाय बाटिकला तडे (मेणाच्या भेगांतून रंग शिरून उमटणाऱ्या बारीक रेषा) हवेतच ना, ते कसे आणायचे?

उत्तर : सर, 45 मुलं आणि गरम मेण, मी पण परवानगी दिली नसती! अर्धा कप मैदा, अर्धा कप पाणी, दोन चमचे तुरटीची पूड असं घोटा आणि मेंदीच्या कोनात भरा, आपल्या पोरांचा त्यावर हात बसलेला असतो. खळ धुतलेल्या सुती कापडावर नक्षी काढून रात्रभर वाळू द्या, मग कापड चुरगळा म्हणजे तडे जातील, वरून ब्रशने फॅब्रिक पेंट. बुडवायचं मात्र नाही, पेस्ट विरघळते. रंग पक्का झाला की भिजवून खरवडा. हे खरं बाटिक नाही, मुलांना तसं सांगाच.

तडे हवेतच असं काही नाही. जावामध्ये बारीक हातकामात तडा म्हणजे मेण नीट धरलं नाही असंच समजतात, आपल्याला मात्र तेच आवडतात. आपल्याकडे ही कला शांतिनिकेतनात रुजली ती 1927 च्या रवींद्रनाथांच्या जावा प्रवासानंतर. उज्जैनचं भैरवगड आणि कच्छचं मुंद्रा इथेही बाटिक होतं, उज्जैन तर तुम्हाला सहलीलाही जमेल. तडे हवे असतील तर पॅराफिन (साध्या मेणबत्तीचं मेण) जास्त, नको असतील तर मधमाशीचं मेण जास्त, पण हे शेगडीची परवानगी मिळाल्यावर.