विंडोज नव्याने टाकल्यापासून लॅपटॉपवर वाय-फायचा पर्यायच दिसत नाही, काय करू?

बहुतेक वेळा वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो. तो टाकला की पर्याय परत येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी) 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळ्या खुणेचा 'नेटवर्क कंट्रोलर' दिसला तर हेच कारण. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि विंडोज अपडेट चालवा. बऱ्याचदा ड्रायव्हर तिथूनच मिळतो. नाहीच मिळाला तर त्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये डीटेल्स, मग हार्डवेअर आयडीज उघडा: 'व्हीईएन'पुढे ८०८६ म्हणजे कार्ड इंटेलचं, १०ईसी म्हणजे रिअलटेकचं. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नेमका मॉडेल बघूनच घ्या, फुकटचे 'ड्रायव्हर अपडेटर' कृपया टाळा. मात्र यादीत कार्डाची नोंदच नसेल तर ड्रायव्हर टाकून उपयोग नाही; बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वायरलेस बंद आहे का, कार्ड सैल झालंय का, ते तपासा.