वीस मुलांच्या पहिल्या कागदकाम कार्यशाळेसाठी सामान किती आणि कसं घ्यावं?

तुम्ही विचारलं आहे की सोसायटीच्या हॉलमध्ये दिवाळीआधी वीस मुलांची आकाशकंदिलाची कार्यशाळा घ्यायची आहे, वयं आठ ते बारा, वेळ दोन तास, आणि सुरुवातीला कोणतं सामान घेतल्याशिवाय चालणार नाही.

आधी दुकानात जाऊ नका. एक कंदील ठरवा, तो घरी दोनदा बनवा, आणि त्यालाच लागणारं सामान वीसने गुणा. 'असू द्या, उपयोगी पडेल' म्हणून घेतलेले नक्षीदार पंच, ग्लू गन आणि चमकी पहिल्या कार्यशाळेत पिशवीतच राहतात. ग्लू गनने तर मुलं भाजतात.

कामट्यांचा कंदील पहिल्या वेळी ठेवू नका, हे माझं ठाम मत. तो सुंदर दिसतो, पण कामट्यांची कुसळं बोटांत जातात आणि दोऱ्याच्या गाठी बांधण्यातच दोन तास संपतात. सांगाडा आणि खळ शिकवायची असेल तर सलग दोन दिवस हवेत. दोन तासांत बसतो तो चिरांचा कंदील: आत ट्रेसिंग पेपरची नळी, बाहेर चिरा दिलेला, फुगलेला रंगीत कागद. पुढचे सगळे आकडे त्याचेच आहेत.

बाहेरच्या कागदासाठी २२ बाय २८ इंची रंगीत शीट घ्या, १२० ते १५० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जास्त आकडा म्हणजे जाड कागद). झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद एका रात्रीत मलूल होतो आणि २२० च्या पुढच्या कार्डच्या पट्ट्या गोल वळण्याऐवजी मोडतात. दुकानदाराला जीएसएम सांगता आलं नाही तर शीटची कड दोन बोटांत कमानीसारखी वाकवा. वळण गुळगुळीत आलं तर घ्या, पांढरी भेग दिसली तर ठेवून द्या. कागदातले तंतू एका दिशेने असतात आणि त्या दिशेला समांतर वाकवलं की कागद सहज वाकतो. म्हणून शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. नळी ज्या अंगाने गुंडाळायची त्या अंगाने ती सहज वळली पाहिजे.

शीट कापायचा हिशेब असा. २८ इंची बाजूवर सव्वाआठ इंचांचे तीन भाग पाडा आणि २२ इंची बाजू मधोमध कापा. साधारण २८ बाय २१ सेंटिमीटरचे सहा तुकडे मिळतात आणि सव्वातीन इंच रुंदीची पट्टी उरते. ती फेकू नका. तिच्यातून पावणेतीन सेंटिमीटर रुंद, २८ सेंटिमीटर लांब अशा सहा पट्ट्या निघतात. पाच रंगांच्या पाच शीटमध्ये ३० तुकडे आणि ३० पट्ट्या होतात. वीस पट्ट्या कंदील टांगायच्या कड्यांसाठी ठेवा. उरलेल्या दहा अर्ध्या केल्या की तळाला आडव्या लावायला १४ सेंटिमीटरचे वीस तुकडे झाले. दहा तुकडे जास्तीचे राहतात आणि ते लागतातच: एक नमुन्याला, एक तुम्ही समोर करून दाखवाल त्याला, बाकीचे चुकलेल्यांना आणि वीसच्या वर लागणाऱ्या कंदिलांना, त्यांच्या पट्ट्याही यांतूनच कापा.

ट्रेसिंग पेपर ए-फोर आकारात, ९० जीएसएमच्या आसपासचा, ३० ताव. तो २८ बाय साडेसतरा सेंटिमीटर कापून ठेवा. त्यावर फेविकॉल वापरू नका, पाणी लागताच त्याला सुरकुत्या पडतात आणि त्या जात नाहीत. बारा मिलिमीटर रुंद डबल साइड टेप घ्या. एका कंदिलाला सव्वा मीटरपर्यंत जाते, म्हणजे वीस मुलांना २५ मीटर. ३० मीटर घ्या आणि रोलवरची लांबी वाचून घ्या, कारण सारखे दिसणारे रोल लांबीला फार वेगवेगळे असतात. टेपचा वरचा कागद सोलणं हे लहान मुलांचं सगळ्यात अवघड काम. टेप चिकटवताना त्या कागदाचं टोक सेंटिमीटरभर बाहेर ठेवायला शिकवा, नाहीतर अर्धा तास तुम्ही वीस जणांची टोकं उचकटत फिराल.

झिरमिळ्यांना पतंगाचा कागद. २० बाय ३० इंची तावातून दीड सेंटिमीटर रुंद आणि ३८ सेंटिमीटर लांब अशा ६६ पट्ट्या निघतात. प्रत्येकाला आठ धरल्या तर तीन ताव पुरतात, रंगांसाठी चार घ्या. हा कागद पंख्याखाली उडतो. कपड्यांचे चिमटे दोन डझन न्या आणि झिरमिळ्या लावताना पंखा बंद ठेवा.

हत्यारांत कात्रीवर पैसे वाचवू नका. बोथट टोकाच्या, पण धारदार पात्याच्या २२ कात्र्या हव्यात. दोघांत एक दिली की एक मूल कापतं आणि दुसरं कंटाळतं. त्यांत दोन डावखुऱ्या मुलांसाठीच्या असू द्या. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कागद कापला न जाता मधे दुमडतो. मूल बिचारं स्वतःलाच जमत नाही असं समजतं. टेपच्या डिंकाने पाती चिकट झाली तर खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसून कोरडी करा. प्रत्येकाला पेन्सिल आणि ३० सेंटिमीटरची मोजपट्टी.

कटर फक्त तुमच्या हातात, घरच्या पूर्वतयारीसाठी. १८ मिलिमीटर पात्याचा कटर, स्टीलची पट्टी आणि ए-थ्री कटिंग मॅट. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड कटर तासत जातो आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. पात्याचं टोक बोथट झालं की तोडून टाका. बोथट पातं जोर मागतं, आणि हात घसरतो तो त्याच जोराने.

आता करायची पद्धत, कारण गोंधळ इथेच होतो. तुकड्याची पांढरी बाजू बाहेर ठेवून लांबीत घडी घाला, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर रुंद पट्टा होतो. उघड्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर रेघ मारा, ही थांबायची रेघ. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर सोडून मधे दर दीड सेंटिमीटरला खूण करा आणि घडीच्या बाजूने कापत रेघेवर थांबा. दर वेळी दोन-तीन मुलं उघड्या बाजूने कापायला लागतात आणि सगळा कागद सुटा होतो. म्हणून कात्र्या वाटण्याआधी प्रत्येकाने घडीवर बोट ठेवून दाखवायचं. मग कागद उघडून घडी उलटी करा, पेन्सिलच्या रेघा आत जातात.

आतल्या बाजूला वरच्या आणि खालच्या कडेला टेप लावा. ट्रेसिंग पेपर वरच्या कडेशी जुळवून चिकटवा. बाहेरचा कागद साडेतीन सेंटिमीटर मोठा आहे. त्याची खालची कड वर सरकवून ट्रेसिंगच्या खालच्या कडेशी जुळवली की पट्ट्या बाहेर फुगतात. सपाट असतानाच आतून खाली टेप लावून झिरमिळ्या चिकटवा, गुंडाळल्यावर हात आत जात नाही. शेवटी गुंडाळून टोकाची दोन सेंटिमीटरची पट्टी एकावर एक चिकटवा.

कडीला टेपवर विसंबू नका, दवाने ती सुटते आणि कंदील खाली येतो. दोन्ही बाजूंना स्टेपल मारा. दोन स्टेपलर आणि १० नंबरच्या पिनांची एक डबी पुरते.

उजेडासाठी तळाच्या आडव्या पट्टीवर सेलवर चालणारा छोटा एलईडी दिवा टेपने बसवा. त्यात बटणासारखा सेल असतो आणि तो लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा झाकणाला स्क्रू असलेलेच दिवे घ्या. पणती किंवा मेणबत्ती आत ठेवायची नाही, हे पालकांनाही सांगा. जुना पिवळा बल्बही नको, तो तापतो आणि जेमतेम सव्वाआठ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत कागद त्याला चिकटूनच असतो.

खरेदी पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळीत होईल, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला. दसऱ्याच्या आधी जा, नंतर गर्दीत शीट वाकवून बघायला कोणी थांबू देत नाही. घरी आल्यावर एका मुलाचं सगळं सामान एका पाकिटात, अशी २३ पाकिटं भरा. हॉलमध्ये वाटण्यात वेळ जात नाही आणि आयत्या वेळी धाकट्या भावंडाला घेऊन कोणी आलंच, तर त्याच्या हातातही पाकीट देता येतं.