बांधावरची मारामारी, कलम ११८ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस

प्रश्न : बांधावरून भावकीत मारामारी झाली. धाकट्या भावाने दांडक्याने मारलं अशी फिर्याद आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२), ११८(१), ३५२ आणि ३५१(२) लावलीत. हवालदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस पाठवून ठाण्यात बोलावलंय. गावकरी म्हणतात, आठ वर्षं आत जाईल, त्याला बाहेरगावी पाठव. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. काय करू?

उत्तर : बाहेरगावी मुळीच पाठवू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच बजावलं आहे. म्हणून तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता चौकशीला हजर राहायची, नोटीस येते. ती पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. जो पाळत नाही, तो मात्र स्वतःहून अटकेला निमित्त देतो.

नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली अशी नोटीस ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण त्यावर घरी बसून राहणं हा शहाणपणा नव्हे. वकिलासोबत ठाण्यात जा, नोटीस कागदावर मागा, हजर झाल्याचा अर्ज देऊन पोच घ्या.

गावकऱ्यांनी कलमांची बेरीज केली आहे, ती सोडून द्या. ११८(१) ला (घातक हत्याराने दुखापत) जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ११५(२) ला (साधी दुखापत) एक वर्ष, बाकी दोन कलमांना (अपमान आणि धमकी) दोन-दोन वर्षं. दोष सिद्ध झालाच तरी अशा शिक्षा बहुधा एकत्रच भोगायच्या असतात. ११८(१) अजामीनपात्र आहे खरं, पण त्यातही जामीन मिळतो; फक्त तो न्यायालय देतं.

माझं लक्ष जखमीच्या वैद्यकीय दाखल्याकडे आहे. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघालं तर ११८(२) (घातक हत्याराने गंभीर दुखापत) लागू शकतं, त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि नोटिशीचं संरक्षण उरत नाही. तशी कुणकुण लागताच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका. साधं दांडकं ‘घातक हत्यार’ ठरतं का, हाही वादाचा मुद्दा आहे. त्याची लांबी, जाडी आणि मार कुठे बसला ते बघितलं जातं. भावालाही मार लागला असेल तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवा.

चौकशीत नाव-पत्ता सांगावा. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. कोऱ्या कागदावर सही नको. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, पण ताब्यात असताना ‘दांडकं लपवलंय ते काढून देतो’ असं म्हटलं आणि ते तिथे सापडलं, तर तेवढं विधान अंगाशी येतं. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. चोवीस तासांत न्यायालयापुढे नेणं बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा.

भावकीत पुढेमागे समेट होईल. पण पंचांसमोर मिटवलं म्हणून ११८(१) मिटत नाही, ते तडजोडपात्र नाही. गुन्हा रद्द करून घ्यायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयातच जावं लागतं. भरतीसाठी ते केलेलं बरं. तोवर अर्जात गुन्ह्याचा रकाना आला तर खरी माहिती भरा. साध्या मारामारीचा गुन्हा एकवेळ माफ होतो, पण लपवाछपवी उघडी पडली की मिळालेली नोकरीही जाऊ शकते.