गाडीचा क्लच आणि केसांचा क्लच: शब्द एकच का?

तुम्ही विचारलंय की गाडीचा क्लच, केसांचा क्लच, लग्नात हातात धरायची क्लच पर्स आणि कासवाच्या अंड्यांचं क्लच हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का. पहिले तीन सख्खे. चौथा नात्यातला नाही.

मूळ क्रियापद हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतलं. उच्चार साधारण ‘क्लिच्चन’, अर्थ बोटं दुमडणं, मूठ आवळणं. पुढे शिकारी पक्ष्याच्या पंजालाही क्लच म्हणू लागले. आपण ‘तावडीत सापडला’ म्हणतो तिथे इंग्रज आजही याच शब्दाचं अनेकवचन वापरतात. केसांच्या क्लचचे दात एकदा नीट बघा, पंजाच आहे तो. आणि पर्सला खांद्याला अडकवायचा पट्टा नाही, ती मुठीतच धरावी लागते, म्हणून तीही क्लच.

गाडीचा अर्थ मला सगळ्यात आवडतो. माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. एकदा त्यांनी जळालेली क्लच प्लेट काढून माझ्या हातात दिली. अस्तर इतकं घासलेलं की रिव्हेट बोटांना लागत होते, आणि तो करपट वास! इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर ही प्लेट स्प्रिंगच्या जोरानं दाबलेली असते. या पकडीतूनच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा पकड सुटते, पाय उचलला की पुन्हा बसते. म्हणजे ‘क्लच दाब’ याचा खरा अर्थ ‘पकड सोड’. घाटात सतत हाफ क्लचवर गाडी चालवली की ना धड धरलेली, ना धड सोडलेली प्लेट घसरत राहते आणि जळते.

मोटरसायकलवर तर मूळ अर्थ जसाच्या तसा डोळ्यांसमोर दिसतो. डाव्या हाताची बोटं लिव्हरवर दुमडली की क्लिच्चन झालं.

आता अंडी. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका घरट्यात शंभरेक अंडी सापडतात, त्यांना क्लच म्हणतात, ते वेगळ्या मुळाचं. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘क्लेक्या’ म्हणजे अंडी उबवणं. तो शब्द इंग्रजी बोलींमधून येता येता क्लचसारखा झाला. मूठभर अंडी म्हणून क्लच, असं कोणी सांगितलं तर पटतं खरं, पण ते बरोबर नाही.

मराठीत लिहिताना मी तरी वस्तूला क्लचच म्हणते. क्रियेला मात्र ‘घट्ट आवळून धरणं’. नुसतं ‘पकडणं’ लिहिलं की बोटं वळल्याचं त्यात दिसत नाही.